डब्याचा तास

आदिनाथ केदारी सरांना पत्राला उत्तर न देणं जमायचंच नाही. बँकेचं छापील पत्र आलं तरी ते पोच लिहायचे. लग्नाच्या पत्रिकेला चार ओळींचं अभिनंदन जायचं, तेही दोनदा खरडा करून, कारण पहिल्या खरड्यात एखादा शब्द जास्त झाला असं त्यांना हमखास वाटायचं. अशा माणसाकडे एक पत्र चार महिने पडून राहिलं. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ते बंगळुरूहून आलं. सरांनी ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं, आणि लॉगॅरिदमच्या जुन्या तक्त्यांमध्ये घालून ते पुस्तक कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिलं. त्या पुस्तकाला आता कुणी हात लावणार नव्हतं.

पत्र मंगलचं होतं. लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या वर, डोंगराच्या पोटाशी ठाकर आदिवासींची बारा-पंधरा घरांची वाडी आहे, तिथली ही मुलगी. सरांनी तिला आठवी ते दहावी विज्ञान शिकवलं. पुढं ती शिष्यवृत्तीवर शिकत कुठल्या कुठं गेली, एवढंच त्यांच्या कानावर आलेलं. आता ती बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत होती.

'तुम्ही फोनवर बोलत नाही हे सगळ्या शाळेला माहीत आहे, म्हणून पत्र लिहिते,' अशी तिनं सुरुवात केली होती. 'ज्या ताऱ्यांभोवती ग्रह फिरतात, त्या ताऱ्यांवर मी काम करते. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड अगदी थोडा कमी होतो. दहा हजारांतला एक भाग कमी झाला, तर आम्हाला इतकंच कळतं की ग्रहाची रुंदी ताऱ्याच्या रुंदीच्या शंभराव्या हिश्श्याएवढी आहे. पण तारा केवढा? ते माहीत नसेल तर ग्रहही माहीत नाही. आणि तारा काही उघडून बघता येत नाही. म्हणून आम्ही तो वाजतो कसा ते बघतो. खरा आवाज तिथून इथं येत नाही. पण ताऱ्याच्या आत वायू सारखा उकळत असतो, त्यामुळं सगळा तारा थरथरत राहतो. आपला सूर्यही थरथरतो, साधारण पाच-पाच मिनिटांच्या ठोक्यानं. त्याबरोबर ताऱ्याचा उजेड कणभर वाढतो, कणभर घटतो. अवकाशातल्या दुर्बिणीनं ते वर्षानुवर्षं टिपून ठेवलंय. मोठा तारा सावकाश थरथरतो, लहान तारा भराभर. ठोक्यांवरून तारा केवढा ते कळतं. आणि ठोक्या-ठोक्यांमधल्या बारीक फरकांवरून त्याच्या पोटातलं जळण किती संपलं, म्हणजे त्याचं वय किती, तेही कळतं.

'सर, इथं मला हे पहिल्यांदा कुणी समजावलं तेव्हा मी म्हणाले, हे मला आठवीपासून येतं. तुमचा डब्याचा तास!'

जानेवारीच्या शेवटी तिला प्रबंध द्यायचा होता. पहिल्या पानावर दोन ओळी मराठीत छापायच्या होत्या: 'उघडू नका, वाजवून ऐका, असं शिकवणाऱ्या केदारी सरांना.' चालेल ना, असं तिनं विचारलं होतं. आणि ही युक्ती तुम्हाला सुचली कशी तेही कळवा, प्रस्तावनेत घालीन. शेवटी घरची खुशाली होती. आई अजून वाडीवरच असते. रंजनाताई नवलाख उंबऱ्याला, एका कंपनीत पॅकिंगला आहे.

या शेवटच्या वाक्यापाशी सरांनी पत्र मिटलं होतं.

डब्याचा तास शाळेत गाजलेला होता. जूनमध्ये आठवीच्या नव्या वर्गात सर बिस्किटांचा एक उंच पत्र्याचा डबा घेऊन जात. झाकण चिकटपट्टीनं बंद. आत न कांडलेलं भात किती आहे, विचारत. मुलं अंदाज करत. मग सर खालून वर बोटानं टिचक्या मारत जायचे. खाली आवाज मुका यायचा, एका जागी एकदम पोकळ व्हायचा. तिथं खडूनं रेघ मारून सर झाकण काढायचे. भात बरोबर रेघेशी. मुलं ओरडायची. सर सबंध वर्षात मोठ्यानं बोलत नसत. त्या एका दिवशी बोलायचे. ते घाबरतात, अडखळतात, फळ्याशी बोलतात असं म्हणणारे मास्तरसुद्धा डब्याच्या तासाला दाराशी उभे राहून ऐकत. सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभातल्या चार भाषणांपैकी तीन त्या डब्यावर झाली होती.

आणि डबा सरांचा नव्हता. म्हणजे डबा त्यांचाच होता, घरातला. युक्ती त्यांची नव्हती.

बावीस वर्षांपूर्वी, मंगल चौथीत असताना, तिची थोरली बहीण रंजना सरांच्या आठवीच्या वर्गात होती. घटक चाचणीत सरांनी प्रश्न घातला: कणगीतील धान्याचे आकारमान कसे काढाल? गुण चार. बांबूच्या कामट्यांची, शेणानं लिंपलेली कणगी मुलांच्या ओळखीची. काठी घालून खोली मोजा, घेर मोजा, सूत्रात घाला, असं उत्तर त्यांना हवं होतं. रंजनानं लिहिलं होतं: 'कणगीत काठी घालत नाहीत. कणगीत डोकवत पण नाहीत. बाहेरून खालपासून वर थापटत जायचे. भात आहे तिथे मुका आवाज येतो. रिकामे आहे तिथे पोकळ येतो. जिथे आवाज बदलतो तिथवर भात आहे. मग घेर मोजावा.'

सरांनी त्याला भलं मोठं शून्य दिलं. एवढ्यावर थांबते तर बरं झालं असतं. पण वर्गाला हसवणं ही एक कला असते आणि ती त्यांच्यापाशी मुळीच नव्हती. त्या दिवशी ती आयती हातात आल्यासारखी वाटली. त्यांनी उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "कणगी काय बोलते का गं तुझ्याशी?" वर्ग खो-खो हसला. मागच्या बाकावरची मुलं बाकं थापटू लागली. सरांना, खरं सांगायचं तर, क्षणभर फार बरं वाटलं.

महिन्याभरात रंजना शाळेत यायची थांबली. शाळाबाह्य मुलांच्या पाहणीचा फॉर्म घेऊन सर वाडीवर गेले, तेव्हा रंजनाची आई बाया दारातच होती. फॉर्मात एक रकाना होता, घरात धान्य किती. बाया उठली, कोपऱ्यातल्या कणगीपाशी गेली, खालून वर चार ठिकाणी तळवा मारला आणि म्हणाली, "होळीपतुर." सरांनी रकान्यात 'होळीपर्यंत' लिहिलं. लिहिता लिहिता त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. रंजना पाण्याला गेली होती. पिशवीत तिची उत्तरपत्रिका होती, ती तशीच परत आली. पुढच्या जूनला सर डबा घेऊन वर्गात गेले. हे कुणाकडून शिकलो ते सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. पण मुलं ओरडली, टाळ्या पडल्या, आणि सांगायचं राहिलं. दुसऱ्या वर्षीही राहिलं. त्यानंतर मग ते सांगण्यासारखं उरलंच नाही.

अशा माणसानं मंगलला काय लिहायचं? 'चालेल' लिहिलं तर चोरी छापून येणार. 'नको' लिहिलं तर ती विनय समजून आणखी दोन ओळी वाढवणार. खरं लिहिलं तर तिच्या मनातला आठवीचा वर्ग आपल्या हातानं मोडायचा. सरांच्या उभ्या आयुष्यात कुणी त्यांच्या नावानं काही छापलं नव्हतं, हेही होतंच. ते नाकारून चालणार नाही.

संक्रांतीच्या आधी मुक्ताबाईंनी कपाटं आवरायला काढली. केदारी सरांच्या पत्नीला पुस्तकं आवडत नसत, पण ती पुसायला आवडत. तक्त्यांतून पत्र खाली पडलं.

"अहो, हे काय आहे?"

"पत्र."

"ते दिसतंय मला. चार महिन्यांचं आहे! पोरगी तुमचं नाव छापतेय आणि तुम्ही तिला तक्त्यात दाबून ठेवलीत?"

"लिहिणार आहे उत्तर."

"कधी? तिचे केस पिकल्यावर?" मुक्ताबाईंनी पत्र पुन्हा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. "बिस्किटाच्या डब्यावरून ताऱ्यापर्यंत! माझ्याच घरातला डबा तो. मी दोन वर्षं शोधत होते."

सर काही बोलेपर्यंत त्या फोनला लागल्या होत्या. शाळेचे हल्लीचे मुख्याध्यापक हौशीराम हे सरांचेच विद्यार्थी. अर्ध्या तासात त्यांचा उलट फोन आला आणि मुक्ताबाईंनी तो सरांच्या कानाला लावून धरला, कारण सरांनी हात पुढं केला नाही.

"सर, सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाल-श्रीफळ! नाही म्हणायचं नाही. आणि डब्याचा तास पुन्हा घ्यायचा, सगळ्या शाळेसमोर. आपण व्हिडिओ करू, मंगलला पाठवू. तुम्हाला सुचलं कसं तेवढं दोन शब्दांत सांगा."

"बघतो," सर म्हणाले. हा त्यांचा फोनवरचा लांबात लांब संवाद होता.

त्यानंतर तीन दिवस ते टेबलाशी बसले. सहा खरडे झाले. एकात त्यांनी 'ही युक्ती तशी सर्वश्रुत आहे' असं लिहिलं. दुसऱ्यात 'वाडीवरील एका कुटुंबाकडून ती कळली' असं लिहिलं आणि 'एका' या शब्दाकडं बराच वेळ बघत बसले. बारा-पंधरा घरांत 'एक' कोणतं ते मंगलला विचारावं लागणार नाही. तिथल्या कणगीला टेकून ती लहानाची मोठी झाली. पण लिहिणाऱ्यानं एवढीही लपवाछपवी करावी? सहावा खरडा फाडल्यावर त्यांना कळलं, की आपण मंगलला लिहितोय पण विचारायचं दुसऱ्याच कुणाला तरी आहे. त्यांनी माळ्यावरची ट्रंक उघडली. उत्तरपत्रिका तळाशी होती, कडा पिवळ्या, शून्य अजून लाल.

रविवारी सकाळी 'तळेगावला जरा काम आहे' म्हणून ते निघाले. मुक्ताबाई म्हणाल्या, "जरा काम म्हणताय आणि इस्त्रीचा शर्ट घालताय." लोकलनं तळेगाव, तिथून सहा आसनी रिक्षानं नवलाख उंबरे. रिक्षात सगळे कंपन्यांची नावं सांगून उतरत होते. सरांना कंपनीचं नाव माहीत नव्हतं. गावात ते पाऊण तास फिरले. शेवटी एका किराणावाल्यानं विचारलं, "वाडीवरची रंजना? दत्ताची बायको? मग तसं सांगा की. चाळीची तिसरी खोली."

रंजना दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि उभी राहिली.

"सर? केदारी सर? कोन वारलं का?"

"नाही, नाही. कुणीच नाही. मी सहज आलो होतो."

"सहज कोन येतं नवलाख उंबऱ्याला? आमीबी सहज न्हाई आलो हितं." ती हसली आणि बाजूला झाली. "या, आत या. मालक मित्राकडं गेल्यात. बसा, च्या ठेवते."

खोलीत पलंग, टीव्ही, कोपऱ्यात निळा प्लॅस्टिकचा ड्रम. सर पलंगाच्या कडेवर बसले. चहा येईपर्यंत त्यांनी मनात वाक्य जुळवलं होतं. चहा आल्यावर ते विसरलं. मग त्यांनी खिशातून मंगलचं पत्र काढून नुसतं पुढं केलं.

रंजनानं ते ओठ हलवत, सावकाश वाचलं. "लय लिवते मंगी," ती मध्येच म्हणाली. "फोनवर मला सांगती तारा-तारा म्हनून. मी म्हनते, पगार मिळतो ना? मग कर." दोन ओळींपाशी ती थांबली. पुन्हा वाचलं. पत्र घडी करून परत दिलं.

"चांगलं हाय की. तुमचं नाव येनार."

"चांगलं नाही," सर म्हणाले. "ते माझं नाहीच. ते तुझं आहे." आणि त्यांनी उत्तरपत्रिका तिच्यासमोर धरली.

"अगं बया!" रंजनानं ती दोन्ही हातांनी घेतली. "हे अजून हाय तुमच्याकडं? अक्षर बघा माजं, कसं सांडलंय. आन तुमचं शून्य तर बघा. अक्ख्या पानाला पुरंल."

सरांना हसता आलं नाही. "त्या दिवशी मी वर्गात वाचून दाखवलं. त्यामुळं तू शाळा सोडलीस का, एवढं मला विचारायचं होतं."

"बावीस वर्सांनी?"

"हो."

रंजनानं सुपातल्या तांदळातला खडा बोटानं फिरवला. "शाळा तशी सुटनारच होती, सर. आई लोनावळ्याला बंगल्यावर कामाला लागलती, मंगी ल्हान, घरात मी. पर समदी हसली ना, त्येच्यानं लवकर सुटली. त्या साली दिवाळीपतुर तरी गेले असते. वाटंत पोरं बाकं थापटल्यावानी झाडं थापटायची. कनगी बोलती का म्हनायची. दोनी खरं हाय. येकच सांगितलं तर खोटं हुईल."

"नंतर मी तेच वर्गात शिकवलं. दरवर्षी. तुझं नाव न घेता."

"म्हाईत हाय मला."

"माहीत होतं?"

"मंगी आठवीला गेली ना, त्या दिवशी पळतच घरी आली. ताई, सरांनी डबा वाजवला आन न बघता भात सांगितला! आई नुसती हसाय लागली. तवा घरात पत्र्याची कोठी आलती, कनगी मोडून तीन वर्सं झालती. थापटायचं काम आईचं आन माजं, मंगीला कुटलं ठावं."

"मग तू तिला सांगितलं नाहीस?"

"न्हाई."

"का?"

"तिला शाळा गोड लागाय लागलती, सर." रंजनानं सूप मांडीवर ओढलं. "म्हनलं, लागू दे."

सरांनी चहाचा कप उचलला, त्यात चहा नव्हता, म्हणून परत ठेवला. बाहेर कुणीतरी मोटारसायकल धूत होतं, तिकडं ते बघत राहिले.

"बरं, मग आता द्या की मार्क," रंजना म्हणाली.

"अं?"

"पेपर घिऊन आलाय ना? लाल पेन हाय तुमच्या खिशाला. रिटायर झाला तरी हायच. द्या."

सरांनी पेन काढलं. शून्यावर एक रेघ मारली आणि बाजूला 'चारपैकी' एवढं लिहून चारचा आकडा काढायला घेतला, तोच रंजनानं बोट मध्ये घातलं.

"थांबा. तीनच द्या."

"का? उत्तर पूर्ण बरोबर आहे."

"पुरं कुटं हाय? नवं-जुनं लिवलंच न्हाई मी. येळ संपला." ती उठली आणि निळ्या ड्रमवर खाली आणि वर तळवा मारला. "ह्याच्यात न्हाई कळत धड. ह्यो प्लॅस्टिक. कनगी खाली कदी पुरी रिकामी करत न्हाईत, म्हाईत हाय ना? थोडं जुनं भात बुडाला ठेवायचंच, त्याच्यावर नवं. मग खाली जुनं किती आन वर नवं किती, ते बी थापटून कळतं. नवं भात गच्च असतं, आवाज गिळून टाकतं. जुनं वाळून सैल झालेलं, जरा खुळखुळतं. आई सांगायची, हितपतुर औंदाचं, हितनं खाली गेल्या सालचं. भरली किती हे समद्यांला येतं. आत कंचं हाय ते कळलं पायजे. त्येचा येक मार्क."

सरांनी इतकी वर्षं डबा वाजवला, पण डब्यात एकाच दुकानातलं, एकाच पोत्यातलं भात घातलं होतं. भरलेलं आणि रिकामं, एवढंच त्यांनी शिकवलं. पोटातलं जुनं किती, हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता. आणि मंगल तिकडं बंगळुरूला नेमकं तेच शोधत बसली होती.

त्यांनी 'चारपैकी तीन' लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली.

"आणि कणगीत डोकवायचं का नाही?" त्यांनी विचारलं. हा प्रश्नही बावीस वर्षांचा होता.

"आई म्हनती बरकत जाती. मी म्हनते उगडलं की उंदीर शिरतो. काय का आसंना, थापटायची सवय लागली."

"हे मी मंगलला पाठवू? सगळं लिहून?"

रंजना ड्रमापासून परत सुपाशी येऊन बसली. "पाठवा. पर आईचं नाव आधी घाला, मला तिनंच शिकवलंय. आन ताई रडली-बिडली असलं काय लिवू नका, मी रडले न्हाई." मग जरा हळू म्हणाली, "तुमचा तास तिला लय आवडायचा, ते बी लिवा. न्हाईतर तिला वाटंल समदंच खोटं व्हतं. तेवढं खरं व्हतं ना?"

"तेवढं खरं होतं," सर म्हणाले.

निघताना तिनं त्यांना पिशवीत किलोभर तांदूळ दिला, वाडीवरचा. सरांनी नको म्हटलं. "मार्क वाढवले म्हनून न्हाई देत," ती म्हणाली, "घ्या गुमान."

घरी आल्यावर सरांनी मुक्ताबाईंना सगळं सांगितलं. मुक्ताबाई ऐकताना एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. ही गोष्टच सरांना जास्त घाबरवणारी होती. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे शाल गेली."

"हो."

"मी चाळीस जणांना सांगितलंय."

"हो."

"आणि हौशीरामला कोण सांगणार?"

"मी पत्र लिहीन."

"चार किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाला?"

"हो. सोमवारी देईन त्याच्या हातात."

मुक्ताबाईंनी तांदळाची पिशवी उघडली, चिमूटभर तळहातावर घेऊन बघितला. "जुना आहे," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळानं, भांडी लावता लावता: "हौशीरामला लिहा, बायाला बोलवा म्हणावं. वर वाडीवर थंडी फार असते. शाल तिला जास्त उपयोगी पडेल." आणि आणखी थोड्या वेळानं: "मला कधीच बोलला नाहीत." सरांनी टेबलावरचा दिवा लावला.

मंगलला पत्र एकाच बैठकीत झालं. खरडा नव्हता.

'चि. मंगलला अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राला चार महिने उत्तर दिलं नाही, कारण तू जे माझं म्हणून छापणार होतीस ते माझं नाही. सोबत तुझ्या ताईची आठवीची उत्तरपत्रिका आहे. ती आधी वाच. त्यावरचं शून्य मी दिलं होतं. मी ते वर्गात वाचून दाखवलं आणि मुलांना हसवलं. ती लवकर शाळा सोडून गेली त्याला हेही एक कारण होतं. दुसरी कारणं तुला माहीत आहेत. नंतर तुझ्या आईला कणगी थापटताना मी स्वतः पाहिलं आणि पुढची सगळी वर्षं तेच वर्गात शिकवलं, तिचं किंवा रंजनाचं नाव न घेता. तुझ्या वर्गातही. रंजनाला हे माहीत होतं. तिनं तुला का सांगितलं नाही, ते तिलाच विचार.

'आज तिनं चारपैकी तीन गुण घेतले. चौथा तिनं स्वतःच नाकारला, कारण कणगीच्या बुडाशी जुनं भात किती आणि वर नवं किती, हेही आवाजावरून ओळखतात आणि ते तिनं तेव्हा लिहिलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. तुझ्या ताऱ्यांच्या पोटातल्या जळलेल्या आणि न जळलेल्या भागाबद्दल तू लिहिलंस ते मला आता थोडं कळलं असं वाटतं. चुकत असेन तर सांग. पहिल्या पानावर दोन नावं यायची असतील तर ती बाया आणि रंजना ही आहेत. या क्रमानं, तसं रंजनाचंच म्हणणं आहे. माझं नाव नको, हा विनय नाही.

'रंजनानं आणखी एक लिहायला सांगितलंय. तुला माझा तास आवडायचा हे खरं होतं, तेवढं खोटं समजू नकोस. मला स्वतःला हे लिहिण्याचा हक्क आहे की नाही, ठाऊक नाही. तिनं सांगितलं म्हणून लिहितोय.'

सोमवारी सकाळी सर लोणावळ्याच्या पोस्टात रांगेत उभे होते. पुढं एक चिक्कीवाला नातेवाइकांसाठी पाच खोकी घेऊन आला होता; त्यात बराच वेळ गेला. सरांनी तेवढ्यात पाकीट दोनदा उघडून उत्तरपत्रिका आत आहे याची खात्री केली आणि तिसऱ्यांदा उघडायच्या आत ते चिकटवून टाकलं.

"बंगळुरू. स्पीड पोस्ट," खिडकीतली मुलगी म्हणाली. "आत काय आहे?"

"कागद. एक पत्र आणि एक जुना पेपर."

"पाठवणाऱ्याचा मोबाइल नंबर लिहिला नाही तुम्ही."

"नंबर नसला तर चालणार नाही का?"

"आजोबा, काही झालं तर त्यांनी तुम्हाला फोन कसा करायचा?"

मागचा माणूस खाकरला. आपला नंबर त्यांना पाठ नव्हता. कधी लागलाच नव्हता. त्यांनी खिशातली डायरी काढली, पहिल्या पानावर मुक्ताबाईंच्या अक्षरात लिहिलेला नंबर शोधला आणि पाकिटावर, आपल्या नावाखाली, एकेक आकडा स्पष्ट काढत लिहिला. पेन लालच होतं, ते लिहून झाल्यावर लक्षात आलं.

मुलीनं पाकिटावर पट्टी चिकटवली आणि ते मागच्या पिशवीत टाकलं.